काच आणि अंतर

दूरचे जवळ दिसावे, ही माणसाची फार जुनी हौस आहे. मात्र जवळ दिसलेल्या जिवाशी आपण कसे वागावे, हे कोणतीही काच सांगत नाही.

मी शिक्षक असल्यामुळे लोक कधी कधी विचारतात, "गुरुजी, दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी, की तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप?" बारामती-इंदापूरच्या मुलखात हा प्रश्न पोकळ नाही. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथे आणि कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतो. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी भिगवणकडे पसरले आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात.

व्यवहारापुरते उत्तर सोपे आहे. ८×४२ ची दुर्बीण आठपट मोठे दाखवते. बेचाळीस हा तिच्या पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. हजार मीटरांवरचा सुमारे सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा ती डोळ्यांत घेते. गळ्यात घालून माळ तुडवावा, हरिण हलले की चटकन डोळ्यांना लावावी. स्कोप वीस ते साठपट मोठे करतो. पण साठपटीला तोच पट्टा वीस मीटरच्या आसपास उरतो. त्याला तिवई हवी, बैठक हवी, धीर हवा. शिवाय दुपारी माळ तापला की हरणाऐवजी हवेची थरथरच साठपट मोठी दिसते.

दुर्बिणीत लांडगा दिसतो, पुढची मेंढरे दिसतात आणि काठी घेतलेला धनगरही दिसतो. स्कोपात नुसता लांडगा उरतो, मोठा देखणा. ज्याची मेंढी जाते, त्याचे मात्र तेवढाच लांडगा पाहून भागत नाही.

याच काचा शिकाऱ्यानेही वापरल्या. तो निसर्ग पाहत नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारा कोठून येतो, खूर केव्हा उमटला, हे त्याला आमच्यापेक्षा अधिक कळे. सालिम अलींची पाखरांशी खरी ओळख लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी तिच्या पडण्यावरूनच ठेवले. तेव्हा पाहण्यात भेद नाही. भेद अंतराविषयीच्या वृत्तीत आहे. शिकाऱ्याला अंतर ही अडचण वाटते. काच ते मोजते आणि गोळी ते मिटवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाऱ्यावरची गोळी बंद केली. अंतर मिटवण्याची इच्छा कायद्याने कशी बंद व्हावी?

भिगवणला पाहुणे नावेत बसतात आणि म्हणतात, "दादा, अजून थोडी पुढे घ्या." रोहित मान उलटी करून चिखलपाण्यातून अन्न गाळत असतो. नाव भिडली की थवा उठतो, फोटो सुरेख येतो. पंखांखालचा लाल रंग पाहून आपण हरखतो. त्या पक्ष्याचे चरणे मात्र मोडलेले असते. रक्त सांडले नाही, एवढ्यावर आपण निर्दोष ठरतो काय? नावाड्याला पोट आहे. दोष त्याच्या वल्ह्याला लावू नये. पुढे घ्यायला सांगणारे आपणच असतो.

म्हणून मला वाटते, काच आपल्याला किती दूर राहू देते, यावरून तिची थोरवी मोजावी. या मापाने काठावर बसवलेला स्कोप फार सभ्य ठरतो. त्याचा आणखी एक गुण आहे. दुर्बीण गळ्यात राहून हळूहळू 'माझी' होते. स्कोप एकदा पक्ष्यावर रोखला की पाहणाऱ्याला बाजूला व्हावे लागते. तेव्हाच मागे रांगेत उभ्या असलेल्या पोराला तोच पक्षी दिसतो.

विचारणाऱ्याला मी सांगतो, चालणार असाल तर दुर्बीण घ्या, बसणार असाल तर स्कोप. आणि तुम्ही येण्यापूर्वी पक्षी जे करीत होता, तेच तुम्ही उठून जाईपर्यंत करीत राहिला, तर तुमचे पैसे वसूल झाले असे समजा.