शीग न देणारी बाई

चिखला, ता. तुमसर

चि. भाचीबाई,

आपल्या घरात मामा भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे तुला उपदेश करायचा माझा हक्क तसा तोकडाच. पण परवा फोनवर तू रडत होतीस, रेंज येत-जात होती आणि मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसलो.

आधी कामाचं सांगून टाकतो. तुझ्या आईच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे. 21 दिवसांच्या आत केली की पुढची कटकट वाचते. दाखल्याच्या चार-पाच प्रती पाठवतो, बँकेत आणि पेन्शनच्या कामाला लागतील. तेरवीचा सगळा खर्च भागला आहे, कोणाचं देणं नाही. वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं तुझ्या काकांच्या मनात आहे. त्यासाठी कर्ज काढू नकोस, एवढंच.

आता तू विचारलंस त्याबद्दल. "मामा, आईला आठवायला बसलं की पलंगावरचीच आई दिसते," असं तू म्हणालीस. दिसणारच. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि मग वर्षानुवर्षं तेच ते: पातळ पेज, कूस बदलणं, पाठीला पावडर, औषधांच्या वेळा. ज्या घरात इतकी सेवा चालते, तिथं डोळ्यांपुढं शेवटी सेवाच उरते. त्यात तू लहान वयात शिकायला बाहेर पडलीस. बोलती-चालती आई तुझ्या वाट्याला सुट्टीपुरती आली आणि पुढच्या सगळ्या सुट्ट्यांत न बोलणारीच भेटली. तिची अर्धीअधिक हयात तू पाहिलीच नाहीस, ती आमच्यापाशी आहे. ती आमच्याकडून मागून घे.

थोडी मी देतो. ताई आली ती धानाच्या गावातून. रोवणीत वाकून वाकून कंबर तयार झालेली, त्यामुळे खदानीवरच्या कामाचं तिला फारसं ओझं वाटलं नाही. 1952 च्या खाण कायद्यानं बायांना जमिनीखाली उतरायला बंदी होती आणि वरचं कामसुद्धा सकाळी 6 ते संध्याकाळी 7 च्या आतच. त्यामुळे तुझे बाबा पाळीनं खाली जायचे आणि ही वर, उन्हात, हातोडी घेऊन. दगड फोडायचा, मँगनीज एकीकडे, माती-गोटा एकीकडे. पहिल्या महिन्यात सगळ्याच बाया चुकायच्या, कारण धुळीनं सगळंच काळं दिसतं. ताईनं नजरेचा नाद सोडून दिला. दगड तळहातावर घ्यायची, एकदा वर-खाली करायची आणि फेकायची. मँगनीज साध्या दगडाच्या जवळजवळ दीडपट जड असतं, ते तिच्या हाताला कळायचं. मी हजेरीवर होतो. साहेब लोक नमुना प्रयोगशाळेत पाठवायचे, पण त्याआधी कधीकधी गमतीनं तिच्या हातात द्यायचे.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. आपल्या खदानीची मॉयल कंपनी 1962 साली निघाली आणि 1977 ला पूर्ण सरकारी झाली, हे तुम्ही मुलं स्पर्धा परीक्षेला पाठ करता. पण कायम होण्याआधी बायांची हयात ठेकेदाराकडे जायची. तशाच एका ठेकेदाराचा माणूस माल मापाच्या पेटीनं मोजून घ्यायचा आणि प्रत्येक पेटीवर काठाच्या वर चढलेली शीग ठेवायला लावायचा. पैसे मात्र पेटीचे. ताई धानाच्या घरची, पायलीनं मोजणं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. एक दिवस तिनं पेटीवरून काठी फिरवून माप सपाट केलं आणि म्हणाली, "शीग पाहिजे असंल, तर पैशालेही शीग लावा." त्या दिवशी तिची हजेरी कापली गेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघीतिघींनी काठी आणली. आठवडाभर कुरबुर चालली आणि मग शीग बंद झाली. याला कोणी लढा म्हटलं नाही, कुठं छापूनही आलं नाही.

तू वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढणार आहेस म्हणतेस. जरूर काढ. पण त्यात 'त्यागमूर्ती', 'वात्सल्यसिंधू' असले शब्द घालू नकोस. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर ते असतात आणि त्यातली प्रत्येक आई सारखीच दिसते. तिनं तुझ्यासाठी केलं ते खरं आहे आणि ते असंच साधं लिहून टाक: तू खदानीच्या पाळणाघरात वाढलीस, दूध पाजायला ती हात धुऊन धावत यायची, तरी तुझ्या झबल्याला काळी बोटं लागायचीच. अंगठा उठवणारी बाई तुझ्या वसतिगृहाच्या फॉर्मसाठी सही शिकली. आणि तिचं भांडकुदळपण, जर्द्याची सवय, दंडार पाहायला रात्रभर बसणं, आमच्या आईशी दोन वर्षं धरलेला अबोला, हेसुद्धा लिही. नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.

विनोबांचं उदाहरण देतो. मास्तरकी केली नाही तरी मला उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. त्यांची आई रुक्मिणीबाई 1918 च्या साथीत गेली. तिच्यासाठी सोप्या मराठीत गीता हवी होती, ती 'गीताई' त्यांनी 1930-31 मध्ये लिहिली, म्हणजे आई जाऊन बारा वर्षं झाल्यावर. पण मला जास्त आवडते ती त्यांनी सांगितलेली तांदळाची गोष्ट. आईनं देवाला लाख तांदूळ वाहायचं ठरवलं होतं आणि रोज एकेक दाणा मोजत बसायची. वडील म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून हिशेब कर, बाकीचे तोलून टाक. तिनं मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, हे मोजणं हिशेबाचं नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचं स्मरण होतं. इतकी बारीक गोष्ट, पण तीत ती बाई, तिचा नवरा आणि तिचा मुलगा तिघंही पुरते दिसतात. आजाराची हकिगत कितीही लांबवली तरी तेवढं दिसत नाही.

याचा अर्थ पलंगावरची वर्षं पुसून टाक, असा नाही. तीही तिचीच. फिजिओथेरपीवाल्या मुलानं डाव्या हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला होता, तो ती रागानं फेकून द्यायची. मी एकदा खदानीतले दोन तुकडे आणून तिच्या उशाशी ठेवले. एक तिनं हातात घेतला, वर-खाली केला आणि ठेवून घेतला. दुसरा हलका होता, तो माझ्याकडे ढकलून दिला, मान हलवून. चेंडूचा व्यायाम मग त्या दगडावरच झाला.

आणि तुझी बोचणी. मी पुण्यात राहिले, आईपाशी नव्हते, हे तू तीनदा म्हणालीस. तुला पाठवलं कोणी? तुझे बाबा तुमसरलाच कॉलेज कर म्हणत होते. ताईनंच बॅग भरली. गोबरवाहीहून गाडीत बसवताना "जा पोरी, इथं काय ठेवलं आहे?" असं म्हणाली, ते मी ऐकलं आहे. तिनं विचार करून घेतलेला निर्णय तू आता तुझा गुन्हा म्हणून मांडू नकोस. तो तिचा अपमान होईल. खरी सेवा तुझ्या वहिनीनं केली. पुस्तिकेत तिचं नाव पहिल्या पानावर घाल आणि मुख्य म्हणजे तिला चार दिवस माहेरी किंवा तुझ्याकडे विसाव्याला ने. तिची पाठ गेली आहे, कोणी विचारत नाही.

पेटीवर काठी फिरवणाऱ्यांपैकी एक बाई अजून आहे, जुन्या क्वार्टरांच्या मागं राहते. ऐंशीच्या पुढं गेली, कान मंद झाले आहेत, पण ताईचं नाव काढलं की तासभर बोलते. ती काय सांगते ते मला अर्धंच ठाऊक आहे. फोन रेकॉर्डिंगला लाव, वही घे आणि येत्या सुट्टीतच ये, दिवाळीवर टाकू नकोस.

तुझा,
मामा