एकाच भांडारातून जुने आणि नवे



आपले करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे गावाभोवती नवे शहर उभे राहिले. आपण कोणी वसईहून आलो, कोणी गोव्याहून, कोणी नगरकडच्या खेड्यांतून. येताना आपापली गीते बरोबर आणली. मुले मात्र इथे, इंग्रजी शाळांत वाढली. म्हणून मिस्सानंतर तीच कुरबुर ऐकू येते. वडीलधारे म्हणतात, “कीबोर्ड आणि ड्रममध्ये प्रार्थना हरवली.” तरुण म्हणतात, “जुन्या गीतांचा अर्थच कळत नाही.”

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) प्रभू येशू एका घरधन्याचा दाखला देतो. तो आपल्या भांडारातून नव्या वस्तू काढतो आणि जुन्याही. घर चालवायला दोन्ही लागतात.

आज जे जुने, ते एके काळी नवेच होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. आशय तारणाचा, छंद मात्र इथल्या घराघरांतल्या ओवीचा. आणि छपाई रोमन अक्षरांत! आज पडद्यावर मराठी गीत रोमन अक्षरांत दिसले की आपण नाक मुरडतो. त्याच अक्षरांनी ती ओवी आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचवली होती.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि मिस्साविधीत मातृभाषांना वाट मोकळी झाली. परिषदेने ऑर्गनचा मान राखला, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही जागा दिली. पण तिचा आग्रह होता तो भाविकांच्या जाणत्या आणि सक्रिय सहभागाचा. तेव्हा तबला की गिटार, हा आपला खरा प्रश्न नाही. शेवटच्या बाकावरची आजी आणि तिचा नातू, दोघेही गात आहेत का, हा खरा प्रश्न आहे. गायनवृंद गातो आणि आपण नुसते ऐकतो, तेव्हा भजनही परके आणि गिटारही परकी.

आपली चूक आपण कबूल करू या. मुलांना नावे ठेवली, पण शेजारी बसवून एक गीत शिकवले नाही. आजीच्या ओठांवरचे गीत आज विचारून घेतले नाही, तर उद्या विचारायला आजी असेलच असे नाही.

या आठवड्यात रोझरीनंतर प्रत्येक घरात एक जुने गीत अर्थासह मुलांना शिकवू या. त्यांना हव्या त्या लिपीत ते उतरवू द्या. मग मुलांकडून एक नवे गीत आपण शिकू या. आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर थोडा वेळ सारी वाद्ये थांबवून शांत राहू या. त्या शांततेत लहानथोर सारे एकच असतात.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो. आमेन.