आधी स्टँडवर ये, मग बोल

किती दिवस तेच रडगाणं गाणार आहेस? "सर, नेऱ्याकडे यायचंय, डोंगर चढायचाय, पण गाडी सर्व्हिसिंगला दिलीय." बरं मग? डोंगर काय गाडी चढणार होती?

पनवेलला एसटी स्टँड आहे, हे तुला ठाऊक नाही असं मला सांगू नकोस. शाळेत असताना याच स्टँडवरून पास दाखवून येत-जात होतास. फलाट कुठला, गाडी कितीची, कंडक्टर कोण, सगळं तोंडपाठ होतं. आता हातात फोन आला आणि अक्कल गहाण पडली. फोनवर वेळ दिसली नाही, की गाडीच नाही असं ठरवून मोकळा होतोस. चौकशीच्या खिडकीत माणूस बसलेला असतो. त्याला तोंडाने विचारायला काय धाड भरते?

धोदाणीची गाडी धर. पनवेल सोडलं की सुकापूर, मग नेरे, वाजे. पुढे गाढी नदीवरचं देहरंगचं धरण, ज्याला सगळे गाढेश्वर म्हणतात. पनवेलकर त्याचंच पाणी पितात आणि त्याच्या काठावर रिकाम्या बाटल्या फेकून येतात. मग मालडुंगे, आणि शेवटी धोदाणी. तिथे डांबर संपतं आणि माथेरानचा डोंगर समोर उभा राहतो. तिथून सनसेट पॉइंटला पायवाट चढते. चालत्या माणसाला दोन-अडीच तास. तुझ्यासारख्या खुर्चीत बसून जड झालेल्याला तीन धर. वर पोचशील तेव्हा समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर उंचीवर असशील. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर गेला आणि त्याने माथेरान शोधलं, असं तुला पाठ आहे. परीक्षेत लिहून मार्कही घेतले असशील. पण खालच्या वाड्यांमधले ठाकर आणि कातकरी त्याच्या आधीपासून हा डोंगर चढत-उतरत होते. आजही पायथ्याची माणसं कामासाठी, भाजी विकायला वर जातात. डोक्यावर ओझं घेऊन. तू पाठीवर सहा हजारांची सॅक घेऊन कसली कारणं सांगतोस?

सकाळच्या पहिल्या गाडीने जा म्हटलं की तुझं तोंड वाकडं होतं. का जायचं, ते नीट ऐक. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी उशिरापर्यंत वाट सावलीत असते, दुपारी तोच कातळ तापतो. साताची झोप आवरली नाहीस तर बाराचं ऊन डोक्यावर घ्यावं लागेल. हा हिशेब तुला येत नाही? ऑफिसात कोट्यवधींचे हिशेब करतोस म्हणे.

आणि ज्या गाडीवाचून तुझं अडतं, तीच तुला अडवते, हे कधी ध्यानात आलंय? पायथ्याला गाडी लावलीस की तुझ्या गळ्यात दावं पडलं. कुठेही चढ, संध्याकाळी त्याच खुंट्याला परत यायचं. एसटीने गेलेल्याला परत फिरायची सक्ती नाही. धोदाणीहून चढायचं, सनसेट पॉइंटवरून माथेरानच्या लाल मातीतून आडवं चालत दस्तुरी नाक्याला निघायचं, तिथून शेअर टॅक्सीने नेरळ, मग लोकल, ठाण्याला बदलून पनवेल. पश्चिमेकडून चढलास, पूर्वेकडे उतरलास, अख्खा डोंगर ओलांडलास. गाडीवाल्याला हे जमत नाही. तुला जमेल. दहावीत भूगोलाचा नकाशा माझ्यापेक्षा सुबक काढायचास तू. आता तोच नकाशा समोर ठेवून बोटाने ही रेघ काढून बघ, आणि मग सांग की तुला मार्ग सापडत नाही.

बसने जायची लाज वाटते का? तसं असेल तर तेही सरळ सांग. स्वित्झर्लंडला गेलास तेव्हा पोस्टाच्या पिवळ्या बसमध्ये बसून डोंगराच्या पायथ्याला गेलास. फोटो पाठवलेस. खाली लिहिलंस, "सर, बघा काय व्यवस्था आहे!" बघितली. मग इथली लाल गाडी दिसली की मान का फिरवतोस? तिथे वेळापत्रकावर मान डोलवायची आणि इथे वेळापत्रक विचारायचंसुद्धा नाही. हे प्रेम डोंगराचं की फोटोचं?

"शेवटची गाडी चुकली तर?" आल्या वाटेनेच परतणार असशील, तर ती चुकू नये म्हणून उतरतानाच कंडक्टरला विचारायचं, परतीची गाडी कितीला. तो नीट सांगतो. गाडी उशिरा येईल, कधी येणारही नाही, हे मलाही कळतं. मग नेऱ्यापर्यंत सहा आसनी शोध. नाही मिळाली तर चाल. चालायलाच आला होतास ना?

"ग्रुप जमला की जाऊ." तुझा ग्रुप गेल्या दिवाळीपासून जमतोय. पंचवीस जण हो म्हणतात, शनिवारी रात्री अकराला एकेकाची आई आजारी पडते. दोघं जा, तिघं जा. नवख्या वाटेवर एकट्याने जाऊ नकोस, एवढीच अट. तुझी बायको केव्हाची तयार आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे खर्चाचंही कारण तुझ्या हातून गेलं.

पावसाळ्यात धबधब्याखाली नाचायला मात्र येऊ नकोस, हे खडसावून सांगतो. गाढेश्वरला माणसं बुडाली आहेत, पोलिसांनी बंदीचे आदेश काढले आहेत. ते वाचून न वाचल्यासारखं करणारे तुझ्याचसारखे शिकलेले असतात. वाट ओली असताना कड्याला जायचं नाही. पाऊस ओसरू दे, गवत पिवळं पडू दे. तोवर पाय मोकळे करायचे तर पेणकडची साधी गाडी धर आणि कर्नाळ्याला उतर. अभयारण्य १९६८ पासून तिथे आहे, रस्त्याला लागून. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका चढता नाही आला तरी झाडाखालून चालता येईल.

आता ज्याच्यासाठी मी खरा चिडलोय ते ऐक. मे संपता संपता मालडुंग्याच्या थांब्यावर बाया चढतात. टोपलीत शेवळांच्या जुड्या, वर ओलं फडकं, शेजारी काकडांची पुरचुंडी, कारण काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. टोपली सीटखाली सरकत नाही, मग ती मांडीवर घेतात. पनवेलच्या बाजारात तू घासाघीस करून घेतोस ती जुडी या गाडीने येते. याच गाडीने पाड्यावरच्या पोरी शाळेला येतात. त्यांचा पास अहिल्याबाई होळकर योजनेचा, फुकट. म्हणजे गाडीच्या पेटीत पैसे पडायचे ते तुझ्यामाझ्यासारख्या तिकीट काढणाऱ्यांचे. तुझी सीट रिकामी गेली की फेरी तोट्यात दिसते, आणि तोट्यातली फेरी सगळ्यात आधी कापली जाते. २०२१-२२च्या संपात गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या. तेव्हा तुझं काय अडलं? काही नाही. पोरींची शाळा अडली, बायांचा बाजार अडला. तू मात्र "एसटीची सेवा काही खरी नाही" म्हणून मान हलवलीस आणि चावी फिरवलीस.

तुझ्या छातीत दम आहे. पायात ताकद आहे. वाट विचारायची अक्कल मीच शिकवली होती. नसतं तर मी तोंड उघडलंच नसतं, कुणाला ओरडायचं हे मला कळतं. तुला सगळं येतं, म्हणून तर राग येतो.

येत्या रविवारी नाही, कारण तो तू आत्ताच मोडून ठेवला असशील. त्याच्या पुढच्या. शनिवारी संध्याकाळी खरोखर स्टँडवर जा, धोदाणीची पहिली गाडी कितीची ते विचार आणि हाताने लिहून घे. पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी, सुट्टे पैसे. माथेरानवरून मला फोटो पाठवू नकोस. सोमवारी घरी ये आणि तिकीट दाखव.