पदभार सोपविताना

जबलपूर हे शस्त्रशाळांचे शहर आहे. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. तेव्हा रक्षण म्हणजे पहारा, कुलूप आणि नोंदवही, असे येथील रहिवाशास वाटल्यास नवल नाही. २०१८ साली बिहारमधील मुंगेर येथे सापडलेल्या एके-४७ रायफलींचा माग येथील केंद्रीय आयुध भांडारापर्यंत येऊन पोचला. रायफल नेली की जागा रिकामी होते, आणि मोजदाद करणारा दक्ष असेल तर चोरी उघडकीस येते.

विद्येच्या चोरीत जागा रिकामी होत नाही. २००२ साली मुंबईच्या जिऑमेट्रिक सॉफ्टवेअर कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्यास दिल्लीत अटक झाली. सॉलिडवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या संगणक-प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे जिच्यावर ती प्रणाली चालते ती मूळ संहिता, विकू पाहिल्याचा त्याच्यावर आरोप होता. अशा व्यवहारात संहिता मालकाजवळ जशीच्या तशी राहते. अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांचे मोल मात्र एका रात्रीत समुद्रापार जाऊ शकते.

कायदा येथे अगदीच मुका नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे मूळ संहितेच्या चोरीचा स्पष्ट उल्लेख आला. उलट, १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम कोणाही माणसास आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सामान्यतः निरर्थक ठरविते. दोन्ही तत्त्वे आम्हांस न्याय्य वाटतात. मग त्यांच्यामधील रेषा कोणी आखावी?

बदलीच्या नोकरीत हयात घालविणाऱ्यांस ही रेषा परकी नाही. पदभार सोपविताना फायली, किल्ल्या, शिक्के आम्ही देऊन टाकतो. मसुदा कसा बांधावा, प्रकरणाची नाडी कोठे सापडते, ही जाण आमच्याबरोबर पुढच्या गावी येते. तिच्याबद्दल आम्हांस कोणी चोर म्हणत नाही. त्याच कपाटातील कागदांची नक्कल ट्रंकेत घातली, तर ती चोरीच. परंतु कागद पाठच असेल तर? तेथे झडती चालत नाही. आमच्या मते तेथे एकच कसोटी उरते: हे ज्ञान जुन्या धन्याच्या देखत, त्याच्या नजरेस नजर देऊन आपण वापरू शकू काय?

ही कसोटी धन्यासही लागू आहे. नोकराने श्रमाने कमावलेल्या जाणिवेवरही जो आपला शिक्का मारू पाहतो, त्याने दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबण्याचा अधिकार थोडाबहुत गमावलेलाच असतो.