धैर्य कशाकरितां?

उपासना आटोपून मंडळी ओसरीवर बसली म्हणजे एक प्रश्न वारंवार निघतो. कोणी वृद्ध बंधु म्हणतो, "पाळकसाहेब, प्रार्थना करितों, वचन वाचितों, तरी प्रसंग आला म्हणजे छाती धडधडते. माझा विश्वास उणा आहे काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्याला गांवांत एकटें ख्रिस्ती घर म्हणून राहावयाचें आहे, ज्याची पायवाट, ज्याचें पाणी, ज्याचें उसनें भात हें सर्व शेजाऱ्यांच्या मर्जीवर आहे, त्याच्यापाशीं भय हा पुस्तकांतला शब्द नव्हे. पुष्कळ उपदेशक त्याला उत्तर देतात कीं, विश्वास असेल तर भय नसतें. आम्हांस हें उत्तर चुकीचें वाटतें, आणि थोडें निर्दयपणाचेंही वाटतें; कारण त्यानें भ्यालेल्या मनुष्याच्या माथीं भयाच्या ओझ्यावर आणखी पापाचें ओझें चढतें. पवित्र शास्त्रांतील एका पुरुषाचें चरित्र या प्रश्नावर पुष्कळ उजेड पाडतें. तो पुरुष नूनाचा पुत्र यहोशवा होय.

यहोशवा म्हटला कीं यरीहोचा कोसळलेला तट डोळ्यांपुढें येतो, रणशिंगांचा नाद कानीं पडतो, आणि हा कोणी जन्माचा निधड्या छातीचा वीर असावा असें वाटतें. परंतु त्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सावकाश वाचावा. मोशे मेला आहे. ज्याच्या पाठीशीं इतकीं वर्षें सेवक म्हणून उभें राहिलें, त्याच्या जागीं आतां सर्वांच्या पुढें उभें राहावयाचें आहे. समोर नदी आहे, नदीपलीकडे तटबंदीचीं नगरें आहेत, आणि पाठीशीं कुरकुर करण्यांत तरबेज अशी प्रजा आहे. यहोशवानें पूर्वीं धैर्य दाखविलें नव्हतें असें नाहीं. अमालेकाशीं तो लढला होता. कनान देश हेरावयास गेलेल्या बारा जणांपैकीं दहांनीं लोकांचीं मनें खचविलीं, तेव्हां कालेबाबरोबर तो उलट उभा राहिला, आणि लोक धोंडमार करावयास उठले तरी त्यानें आपलें बोलणें फिरविलें नाहीं. अशा मनुष्याला देव पहिल्या नऊ वचनांत तीन वेळां धैर्य धरावयास सांगतो. ज्याला ताप नाहीं त्याला काढा कोण पाजितो? यहोशवाच्या मनांत त्या दिवशीं काय चाललें होतें हें त्यानें कोठेंही बोलून दाखविलें नाहीं. परंतु देवाच्या बोलण्यावरून आपणांस तें कळतें.

भिऊं नको, असें देव म्हणतो खरा. पण आई अंधारांत लेंकराला भिऊं नको म्हणते, ती त्याचा हात धरून म्हणते. त्याला अपराधी ठरवून म्हणत नाहीं. येथेंही तसेंच आहे. आज्ञेच्या पाठोपाठ सोबतीचें वचन आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं धैर्य धर हा शब्द चवथ्यांदा येतो, तो देवाच्या मुखांतून नव्हे, लोकांच्या तोंडून! पुढाऱ्याला लोकांनीं धीर दिला. (आमच्या मंडळ्यांत पाळकानें सर्वांस धीर द्यावा अशी वहिवाट आहे, पाळकास कोणी द्यावा हें कोणत्याच पंचायतीच्या सभेंत ठरलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.)

आतां, हें धैर्य कशाकरितां? महाड-पोलादपुराच्या या डोंगरांस शौर्याच्या कथा नव्या नाहींत. कापड्यापासून उमरठ लांब नाहीं, आणि इ. स. १६७० त सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचें नांव येथें पोरासोरांसही पाठ आहे. परंतु छातीचा घट्टपणा एवढ्यालाच धैर्य म्हटलें तर दरोडेखोरासही तें नाकारतां येणार नाहीं. देवानें यहोशवाला आज्ञेबरोबर कारण सांगितलें आहे: या लोकांस त्यांचें वतन त्याच्या हातून मिळावयाचें होतें. त्याला जें धैर्य मागितलें तें दुसऱ्याच्या वांट्याकरितां मागितलें. तें त्याच्या कीर्तीकरितां नव्हतें, आणि त्याच्या मनाला शांति लाभावी म्हणूनही नव्हतें.

पुढें यार्देनेचा प्रसंग आहे. सुगीचे दिवस होते, आणि त्या दिवसांत ती नदी दुथडी भरून वाहते, असें शास्त्र मुद्दाम सांगतें. आमच्या या खोऱ्यांतील वाचकांस भरलेली नदी म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडास येते, इ. स. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं तिनें महाडजवळचा जुना पूल नेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. इ. स. २०२१ च्या जुलैंत सारें महाड शहर पाण्याखालीं होतें, आणि त्याच दिवसांत तळीयें गांवावर डोंगर खचला. अशा पाण्याकडे पाहून ज्याचें काळीज हललें नाहीं, तो धीट नव्हे, अजाण म्हणावा. कराराचा कोश वाहणारे याजक अशाच पाण्याच्या कांठाशीं आले. पाणी आधीं थांबलें आणि मग ते उतरले, असें घडलें नाहीं. त्यांचे पाय कांठच्या पाण्यांत भिजले, आणि त्यानंतर वरून येणारें पाणी दूर एका नगराजवळ थबकलें. वतनाचें वचन तर पूर्वींच मिळालेलें होतें. तरी पाय भिजेपर्यंत तें वचन लोकांच्या हातीं आलें नव्हतें.

वचन आणि पाऊल यांच्यामधलें हें अंतर आमच्या भागांत एकदा फार स्पष्ट दिसलें आहे, आणि तें ठिकाण कापड्याहून एका दिवसांत पायीं गांठतां येतें. महाडचें चवदार तळें आम्हां सर्वांस माहीत आहे. इ. स. १९२३ च्या ऑगस्टांत मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं ठराव आणिला व तो मंजूर झाला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेल्या अगर चालविलेल्या विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा हीं अस्पृश्य म्हणविलेल्या लोकांस खुलीं असावीं. इ. स. १९२४ च्या जानेवारींत महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें तळें खुलें केल्याचा ठराव लिहिला. वचन कागदावर आलें. त्यानंतर तीन वर्षें झालीं, तरी त्या पाण्यास त्यांच्यापैकीं कोणाची ओंजळ लागली नाहीं. इ. स. १९२७ च्या १९ व २० मार्चला महाडांत कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठीं महाड तालुक्यांतील तरुण रामचंद्र बाबाजी मोरे यांनीं गांवोगांव खटपट केली होती. परिषदेस लागणारें पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावें लागलें, आणि ठरावानें खुलें झालेलें तळें त्याच गांवांत भरलेलें होतें! २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांस घेऊन रस्त्यानें तळ्यापर्यंत गेले, पायऱ्या उतरले व पाणी प्याले. मागून आलेले लोकही प्याले. त्या लोकांत खेडोपाडींचे शेतमजूर होते. उद्यां गांवीं परत गेल्यावर आपली भाकर कोणाच्या हातीं आहे हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांस भय वाटलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथें आमच्या ख्रिस्ती वाचकांस टोंचेल अशी एक गोष्ट आहे, आणि ती टोंचावी म्हणूनच आम्ही लिहितों. त्या तळ्यावर अन्य धर्माच्या लोकांस मज्जाव नव्हता. हें बाबासाहेबांनीं त्याच वर्षींच्या डिसेंबरच्या परिषदेंत उघड बोलून दाखविलें. म्हणजे धर्म बदलला तर पाणी मिळे; भाऊबंद मागें राहिला तर तो तहानेला राही. ज्याला पाणी मिळालें त्यानें काय करावें? पुन्हा पहिला अध्याय उघडा. रऊबेन, गाद व अर्धा मनश्शे या अडीच वंशांस यार्देनेच्या अलीकडेच वतन मिळून चुकलें होतें. त्यांस पलीकडे कांहींच मिळवावयाचें नव्हतें. बायका, मुलें, गुरें सोडून नदी ओलांडण्याचें त्यांस कारण काय? तरी यहोशवा त्यांस सांगतो कीं, तुमचीं बायकापोरें येथें राहूं द्या, पण तुमच्या शूर पुरुषांनीं भावांच्या पुढें चालावें, आणि भावांस विसावा मिळेपर्यंत घरीं परतूं नये. ते कबूल झाले. आणि लक्षांत घ्या, धैर्य धर हें चवथें वाक्य, जें लोकांच्या तोंडचें म्हणून आम्ही वर सांगितलें, तें याच अडीच वंशांच्या उत्तरांत आहे. ज्यांचें पोट भरलें होतें त्यांनीं उपाशी भावासाठीं पुढाऱ्याला धीर दिला. महाडांतही अशीं कांहीं माणसें निघालीं. सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांस तळ्याचें पाणी जन्मतःच मोकळें होतें; तरी ते परिषदेच्या कामांत उभे राहिले. डिसेंबरच्या परिषदेस गांवांत जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली.

कोणी म्हणेल, यहोशवाच्या हातीं तरवार होती, आणि त्याच्या पुस्तकांत नगरेंच्या नगरें कापून काढल्याची हकीकत आहे. तिचा धडा आम्हीं घ्यावा काय? आमचें स्पष्ट मत आहे कीं घेऊं नये. तीं पानें वाचतांना आम्हांस जड जातें, आणि तें जड जाणें योग्यच आहे असें आम्ही समजतों. येशू हें नांव मूळ यहोशवा याच नांवाचें रूप आहे. त्या दुसऱ्या यहोशवानें बागेंत आपल्या शिष्याला तरवार म्यानांत घालावयास लाविली. आमचा धडा तेथून सुरू होतो. महाडास पाणी पिऊन लोक मंडपाकडे परतल्यावर, हे आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी खोटी आवई उठली, आणि जेवणाच्या वेळीं लोकांवर काठ्या चालल्या. पुष्कळांचीं डोकीं फुटलीं. उलट मार देण्याजोगें बळ त्यांच्यांत नव्हतें असें नाहीं. त्यांत पलटणींत नोकरी केलेलीं माणसें होतीं, आणि तीं हुकमाची वाट पाहत होतीं. बाबासाहेबांनीं हात उचलूं दिला नाहीं. बाबासाहेब पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्ध झाले. त्यांस ओढून आपल्या पंक्तींत बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मार खाऊन हात आवरण्याला ख्रिस्ती मनुष्यानें धैर्य म्हणूं नये, तर मग कशाला म्हणावें?

पाणी पिण्याचा दिवस एक होता. त्यानंतरचे दिवस फार होते. तळें बाटलें म्हणून त्याची शुद्धि करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हा हजारों लोक जमले, तों विरोधकांनीं कोर्टाचा मनाईहुकूम आणिला होता. बाबासाहेबांनीं पाण्यास शिवण्याचा बेत तहकूब केला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. मार्चांत प्यालेलें पाणी डिसेंबरांत नुसतें पाहून परतणें हें त्या लोकांस किती कडू लागलें असेल! तळें खाजगी मालकीचें आहे आणि यांस दूर ठेवण्याची वहिवाट पुरातन आहे, असा विरोधकांचा दावा होता. तो मुंबईच्या हायकोर्टांत १७ मार्च १९३७ रोजीं कायमचा फेटाळला गेला. पहिल्या ओंजळीपासून मोजलें तर दहा वर्षांस तीन दिवस कमी. यहोशवाच्या लोकांसही यरीहोच्या जयानंतर लगेच आय नगरापुढें पळ काढावा लागला. छत्तीस माणसें पडलीं, आणि तो कपडे फाडून संध्याकाळपर्यंत जमिनीवर पालथा पडला. त्याच्या रडण्याबद्दल देवानें त्याला शिक्षा केली नाहीं. ऊठ, असा पालथा कां पडलास, एवढेंच विचारलें, आणि छावणींत लपविलेली चोरी शोधावयास लाविलें. पराभवाचें कारण आयच्या तटाआड नव्हतें; तें आपल्याच तंबूंत पुरलेलें होतें.

तंबूंतली ही गोष्ट आम्ही आमच्या मंडळ्यांस विचारितों. गांवच्या पाण्याचा अन्याय आम्हांस दिसतो. परंतु प्रभूच्या मेजावर एक भाकर मोडून घरीं गेल्यावर, मुलीचें लग्न जुळवितांना समोरच्या घराची पूर्वींची जात विचारणारे आमच्यांत आहेत, आणि ते थोडे नाहींत. बाहेरच्या पाटलापुढें उभें राहण्यास जें धैर्य लागतें, त्याहून अधिक धैर्य आपल्या चुलत्यापुढें, आपल्या मावशीपुढें, "हा प्रश्न या घरांत विचारावयाचा नाहीं" असें म्हणावयास लागतें. तेथें काठी पडत नाहीं, वर्तमानपत्रांत नांवही येत नाहीं. उपदेशक बंधूंनीं असा प्रसंग टाळून त्या रविवारीं यरीहोवर व्याख्यान देऊं नये.

त्या वृद्ध बंधूला आम्ही एवढेंच विचारूं, "बाबा, छाती धडधडते ती कोणासाठीं?" सून आजारी असतां नदी ओलांडून डॉक्टर आणावयास निघालेल्या मनुष्याची छाती धडधडतेच, तो तरी थांबतो काय?

देशाची वांटणी झाली तेव्हां यहोशवानें चिठ्ठ्या टाकून एकेका वंशास त्याचा वांटा दिला. सर्वांचे वांटे झाल्यावर शेवटीं इस्राएल लोकांनीं त्याला त्याचा वांटा दिला. त्यानें मागून घेतलें तें एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखांतलें तिम्नाथ-सेरह. तें नगर त्यानें बांधलें, तेथें तो राहिला, आणि एकशें दहा वर्षांचा होऊन मेला तेव्हां त्याच वतनाच्या सीमेंत लोकांनीं त्याला मूठमाती दिली.