पाप कोणास लागते?

गेल्या कार्तिकात रिसोड तालुक्यातील एका लहानशा गावी आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपून आम्ही देवळाच्या ओट्यावर टेकलो असता एक वृद्ध बाई पाया पडण्यास आली, आणि पाया पडून झाल्यावर उठेचना. म्हणाली, "महाराज, एक इचारू का? पाप कोनाले लागते ते सांगा." आम्हांस वाटले, एकादशी मोडली असेल, नाहीतर बोललेला नवस राहिला असेल. असे प्रश्न आम्हांस नित्याचे. पण हकीकत निराळीच निघाली.

तिचा मुलगा चाकणला कारखान्यात रोजावर आहे. घरी ही एकटी. जवळ साधा बटणांचा मोबाईल. त्यात ती पुनवेच्या पुनवेला पैसे भरीत असे, कारण तिचा महिना चंद्राचा. आणि कंपनीचा महिना २८ दिवसांचा. त्यामुळे दर पुनवेच्या आधी दिवस-दोन दिवस तिला फोन लावता येत नसे, तेवढे ती सोसून घेई. यंदा आश्विनात पावसाने सोयाबीन गेले, हाती पैसा नव्हता, पुनव चुकली. आधी इकडून जाणारा फोन बंद झाला, पुढे तिकडून येणाराही बंद झाला. पोराने चार दिवस फोन लावून पाहिला. दर वेळी एक गोड आवाजाची बाई सांगे की या क्रमांकावर सेवा उपलब्ध नाही. माय गेली की काय, या धास्तीने तो रात्रीच्या गाडीने धावत आला, तर माय अंगणात सडा घालीत होती. त्याचे तीन दिवसांचे रोज बुडाले, गाडीभाडे गेले ते वेगळेच. "पोरगं मले पाहून रडलं महाराज. मंग हे पाप कोनाले? मले, का कंपनीले?"

आम्ही काय उत्तर दिले ते लिहिण्यास लाज वाटते. "माय, वरचा सारे पाहतो," असे म्हणून आम्ही पंगतीला उठून गेलो.

वारकरी सज्जनहो, या विषयावर बोलण्याची आमची एक ठरलेली रीत आहे. यंत्राचा नाद वाईट, मन आवरा, मोबाईल बाजूस ठेवा आणि हातात टाळ घ्या, असे आम्ही सांगतो आणि मंडळी माना डोलावतात. पण ही माय कसल्या नादी लागली होती? तिला लेकाचा आवाज हवा होता, एवढेच. आणि मोबाईल बाजूस ठेवा म्हणणे आता सोपे राहिले आहे काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत असे ती पिकाची नोंद शेतकऱ्याने मोबाईलवरून करावयाची. पीकविम्यात शेत पाण्याखाली गेले तर अलीकडेपर्यंत ७२ तासांच्या आत खबर द्यावी लागत असे, तीही बहुधा याच यंत्रावरून. बँकेतून पैसे निघाले तर संदेश यावर, गॅसच्या टाकीची वर्दी यावर. वैराग्य थोर खरे. पण ज्याला सोडण्याची मुभा आहे त्यालाच ते सांगता येते. ज्याच्या पायात बेडी आहे त्याला "बेडीचा मोह सोड" म्हणणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे.

आणि बेडी कशी पडली तेही आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आणि पुढल्या मार्चअखेरपर्यंत बोलणे व इंटरनेट लोकांना फुकट मिळाले. आम्हीही घेतले, खोटे कशाला सांगावे? अन्नछत्रासारखी रांग लागली होती. स्पर्धेत लहानमोठ्या कितीक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. मग जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतराने दर वाढविले. २८ दिवसांच्या महिन्याची गंमत तर पाहा. २८ तेरे ३६४. म्हणजे त्यांच्या वर्षात महिने तेरा! आपला अधिकमास सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात आपण जावयाला अनारसे देतो. यांचा अधिकमास दरवर्षी येतो, आणि तो देण्याचा नव्हे, घेण्याचा. ट्राय नावाची जी सरकारी नियामक संस्था आहे तिलाही हे खटकले. जानेवारी २०२२ मध्ये तिने आज्ञा काढली की प्रत्येक कंपनीने निदान काही योजना तरी पूर्ण ३० दिवसांच्या आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नव्या होणाऱ्या ठेवाव्यात. आज्ञेप्रमाणे त्या निघाल्या. परंतु २८ चा महिना काही गेला नाही.

आता मायच्या प्रश्नाकडे येऊ. लहानपणी पाठशाळेत लघुकौमुदी घोकताना कारकाचे प्रकरण आले. तेथे पाणिनींनी कर्त्याची खूण एकच सांगितली आहे, ती म्हणजे स्वातंत्र्य. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि लागलीच पुढच्या सूत्रात म्हटले की त्या कर्त्याला जो प्रवृत्त करतो तोही कर्ताच, शिवाय तो हेतु. तेव्हा ते केवळ परीक्षेपुरते पाठ केले होते. या वयात, रिसोडहून परत येताना एस.टी.च्या खिडकीशी बसून ते आम्हांस कळले. मायला पैसे न भरण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि भरण्याचे सामर्थ्य नव्हते. मग ती कर्ती कशी? व्याकरणच तिला सोडून देते.

कोणी म्हणेल, बरे तर, पाप कंपनीला लागो. पण कंपनीला जीव कोठे आहे? ती मरत नाही, तिला यमदूत नेत नाहीत, तिला पोर नाही की जे रात्रीच्या गाडीने धावत यावे. १८९७ साली विलायतेच्या उमराव सभेने सॉलोमन नावाच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला की कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, तिचे कर्ज ते त्याचे कर्ज नव्हे. तीच कल्पना आपल्या कायद्यातही आहे. देह नाही, आत्मा नाही, तरी व्यक्ती! हे ऐकून हसू येते, पण हसण्याआधी थोडे थांबावे. आपला देवही कायद्याने व्यक्तीच आहे. त्याच्या नावे जमीन असते, त्याच्या नावे दावा चालतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट मान्य केले. पण देवाच्या जमिनीचे उत्पन्न वहिवाटदाराने खाल्ले तर आपण "देवाने खाल्ले" असे म्हणतो काय? १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, त्यावरचे वाद पुढे २०१४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालले. एवढ्या वर्षांत विठ्ठलावर ठपका कोणी ठेवला नाही. वाद चालला तो हक्काचा आणि कारभाराचा. मग कंपनीच्या बाबतीत "कंपनीचा नियम आहे" एवढ्यावर आपण का गप्प बसतो? नियमाला हात नसतात. महिना २८ दिवसांचा असावा हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरविले, कोणीतरी हिशेब मांडून दाखविला, कोणीतरी मान हलविली. ती सारी माणसे आहेत, त्यांच्या घरी देव्हारेही असतील.

येथवर लिहून आम्ही खूश झालो होतो. मग आमचाच हिशेब पुढे आला. करणारा व करविणारा यांच्याबरोबर संमती देणाराही वाटेकरी असतो, असे आपली शास्त्रे सांगतात. आमची कीर्तने एक तरुण टाळकरी दोन-तीन वर्षांपासून इंटरनेटवर टाकतो. अभंगाचा चरण अर्धा म्हणून होतो न होतो तोच मध्ये जाहिरात येते. एकदा ती पैसे लावून रमी खेळण्याची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे असे खेळ बंद केले; आम्ही तोवर काय केले? काही नाही. उलट रोज रात्री त्या पोराला विचारीत असू, "आज किती जणांनी पाहिले?" आकडा वाढला की झोप चांगली लागे. पूर्वरंग लांबला की लोक पुढे सरकवतात असे त्याने सांगितले, तेव्हा आम्ही पूर्वरंगही आखडता घेतला. आयुष्यात गुरूंच्या शब्दावरूनही जे केले नाही, ते आकड्यावरून केले! आणि परवा चिरंजीवांनी सांगितले की आमच्या दक्षिणेतले काही पैसे त्यांनी एका म्युच्युअल फंडात ठेवले आहेत आणि त्या फंडाजवळ मोबाईल कंपन्यांचेही शेअर आहेत. म्हणजे मायच्या तेराव्या महिन्यातला एखादा पैसा फिरत फिरत आमच्या झोळीत येऊन पडला असणार. ते पैसे काढण्यास आम्ही सांगितले आहे. पूर्वरंग पूर्ववत केला आहे. रात्री आकडा विचारण्याची खोड मात्र अजून पुरती गेलेली नाही.

माघात त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला. या वेळी आम्ही होऊनच मायला बोलावले आणि म्हटले, "माय, त्या दिवशी आम्ही उत्तर टाळले. पाप तुला नाही. ज्यांनी तो महिना ठरविला त्यांना आहे, आणि थोडे आम्हांलाही आहे." ती नुसती हसली. मग तिला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेलो. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आज्ञेने, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि संदेश यांची वेगळी योजना ठेवणे कंपन्यांना भाग पडले आहे. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "आहे महाराज, पण कोणी मागत नाही." कोणी सांगितले तर मागतील ना! त्याच्याजवळ जी निघाली ती ८४ दिवसांची, पैसे एकदम भरावयाचे. मायने पदराची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या, थोडे कमी पडले ते आमच्या विणेकऱ्याने घातले.

"चौऱ्यांशी दिस म्हंजे किती पुनवा, महाराज?"

आम्ही बोटांवर मोजले आणि सांगितले, तीन पुनवांना चार-पाच दिवस कमी. दुकानदाराने कालनिर्णयाच्या पानावर खूण करून दिली. ती पाहत माय म्हणाली, "चौऱ्यांशीचा फेरा चुकवा म्हनता तुमी कीर्तनात. हा तं पैसे देऊन घेतला!"