रेघ

वडिलांचा दहावा झाला त्या संध्याकाळी भाऊबंद ओसरीवर जमले. तेराव्याचं ठरवायचं होतं. मधल्या काकांनी बेत आधीच आखला होता. साऱ्या गावाला बुंदीचं जेवण, नावाजलेल्या महाराजांचं कीर्तन, वेशीपासून घरापर्यंत श्रद्धांजलीचे फ्लेक्स. पावणेदोन लाखांचा अंदाज.

"वहिनी, पैशाची काळजी करू नका. आम्ही सगळे मिळून घालतो. दादाचं नाव राहिलं पाहिजे."

आई आत जाऊन एक वही घेऊन आली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार चालले ते अडीच महिने तिने तिच्यात रोजचा खर्च टिपला होता. इंजेक्शनं, तपासण्या, टॅक्सी, नारळपाणी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून आमचा निभाव लागला. ज्यांना मिळत नाही ती माणसं हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर चादर टाकून रात्र काढतात. नाकात नळी घातलेलं पाच-सहा वर्षांचं पोर मी तिथे झोपलेलं पाहिलंय.

आईने एका पानावर बोट ठेवलं. तिथे भाऊबंदांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे नुसती रेघ. ऑपरेशनआधी तिने एकेकाला फोन केला होता. पेरणीचे दिवस होते, कुणाकडून काही आलं नाही. तिने पाटल्या मोडल्या.

"भाऊजी, तेव्हा तुमच्याकडे नव्हते. आता आहेत, तर तिथे ज्यांचं माणूस पडलंय त्यांना देऊ. यांना आता बुंदी काय कामाची?"

"लोक काय म्हणतील?" कुणीतरी विचारलंच.

"मी सांगेन लोकांना."

आमचे भाऊबंद मनाचे वाईट नाहीत. पण दवाखान्यात भरलेला पैसा कुणाला दिसत नाही, पंगत साऱ्या गावाला दिसते. दिसेल तिथेच देण्याची ही सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे, आणि तिच्यापायी जिती माणसं उघड्यावर पडतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी मात्र काही ठेवलं नाही. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाच्या छपराखाली माझ्या वडिलांची पाठ टेकली.

तेराव्याला वरणभात आणि लापशी झाली. घरचीच माणसं जेवली. महिन्याने मधले काका माझ्याबरोबर मुंबईला आले, तेराव्याचे वाचलेले पैसे त्यांनीच धर्मशाळेत भरले. मग मी त्यांना परळला नेलं. त्या फुटपाथवर ते बराच वेळ उभे राहिले. परतीच्या गाडीत त्यांनी एकच विचारलं, "वहीत माझ्या नावापुढे अजून रेघच आहे का रे?"

पुढच्या पेरणीत बियाणं उधारीवर आणलं होतं. तरी चुलतभावाच्या मुलीच्या ऑपरेशनला काकांनी पाच हजार पाठवले. आईने ते वहीत लिहून ठेवलेत.